जिथे पिकत नाही, तिथे दरवळते

‘पिकते तिथे विकत नाही’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पेण-रोह्याकडच्या वेलचीविषयी बोलायचे झाले तर ती उलटी करून घ्यावी लागते. आपल्याकडे भात पिकतो, खाडीकाठच्या मिठागरांत मीठ पिकत आले, वाड्यांतून नारळ आहे, सुपारी आहे. पण वेलचीचा मळा दाखवा असे कुणी म्हटले तर तो दाखवता यायचा नाही. तरीसुद्धा गणपतीतला मोदक, होळीची पुरणपोळी, नारळी पौर्णिमेचा नारळीभात, दिवाळीची करंजी आणि सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा यांपैकी एकही पदार्थ वेलचीवाचून पुरा झाला असे आपली आई म्हणणार नाही.

जी वस्तू आपल्या मातीत येत नाही, ती आपल्या गोडाची खूण कशी झाली? आणि ती इतकी महाग असताना साध्या घरांनीही ती कशी सांभाळली? हे दोन प्रश्न माझ्या मनात घोळत होते. माझे घर पेणचे, आजोळ रोह्याचे. आई काही वर्षांपासून गणपतीत मोदकांच्या ऑर्डरी घेते. या दोन स्वयंपाकघरांत जे पाहिले-ऐकले आणि पुस्तकांतून जे वाचले, ते या लेखात मांडत आहे. लेखाच्या अखेरीस थोडा हिशोबही आहे. कला शाखेच्या विद्यार्थिनीने हिशोब मांडू नये असा काही नियम नाही!

नाव आणि कूळ

संस्कृतात वेलचीला ‘एला’ म्हणतात. घाटावर तिला वेलदोडा म्हणतात, कोकणात आणि मुंबईकडे वेलची. वेलदोड्यातला ‘दोडा’ म्हणजे बोंड. नावात ‘वेल’ हा शब्द ऐकू येतो, त्यामुळे मिरीप्रमाणे हीसुद्धा वेलीला लागत असावी असे वाटते. परंतु वेलची ही वेल नव्हे. ती आले आणि हळद यांची सख्खी बहीण. जमिनीत कंद असतो, त्यातून दोन ते चार मीटर उंचीचे पानांचे दांडे वर येतात. गंमत अशी की फुले या दांड्यांच्या शेंड्याला येत नाहीत. बुडातून निघणाऱ्या आणि जमिनीलगत पसरणाऱ्या लांब तुऱ्यांवर ती येतात. पांढऱ्या पाकळीवर जांभळ्या रेघा असलेले हे फूल जेमतेम एक दिवस टिकते. मधमाशी वेळेवर आली तर फळ धरते. फळ जमिनीलगत असल्यामुळे मजुराला बसून किंवा ओणवे होऊन एकेक वेलची खुडावी लागते. तिच्या महागाईचे पहिले कारण इथे आहे.

वनस्पतिशास्त्रात तिचे नाव ‘एलेटारिया कार्डामोमम’ असे आहे. यातील पहिला शब्द आपल्याच देशातला. मल्याळममध्ये तिला ‘एलत्तरि’ म्हणत. कोचीच्या डच अंमलाचा प्रमुख व्हान ऱ्हीड याने मलबारातील वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ नावाचा बारा खंडांचा प्रचंड ग्रंथ सिद्ध करविला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे छापला गेला. त्यातून हे मल्याळी नाव युरोपात गेले आणि लॅटिन होऊन बसले. या ग्रंथाच्या कामी रंग भट, विनायक पंडित आणि अप्पु भट या तीन कोंकणी वैद्यांनी साहाय्य केले होते. पहिल्या खंडात त्यांचे कोंकणीतील निवेदन नागरी लिपीत छापलेले आहे. भाषेच्या अभ्यासकांना ते ठाऊक असेलच. त्याच्याही आधी, १५६३ साली, गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या ग्रंथात लहान आणि मोठ्या वेलचीवर एक स्वतंत्र संवाद आहे.

मोठ्या वेलचीचा उल्लेख आला म्हणून सांगते. ज्याला आपण मसाल्याचा वेलदोडा म्हणतो, तो तपकिरी, जाड सालीचा दोडा याच कुळातला, पण निराळ्या झाडाचा. तो सिक्कीम, नेपाळ, भूतान या भागांत होतो. तिथे तो भट्टीच्या धुरावर वाळवला जात आल्यामुळे त्याला धुरकट वास येतो. म्हणून त्याची जागा मटणाच्या रश्श्यात, मोदकात नव्हे.

कोकणात का पिकत नाही?

सह्याद्री तोच, पाऊसही भरपूर, मग वेलची केरळात आणि कर्नाटकात का, आपल्याकडे का नाही? रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पाण्याची कमतरता म्हणावी तर ती नाही. अडचण आहे ती पावसाच्या वाटपाची. आपला पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो आणि पुढचे आठ महिने माती तापत राहते. वेलचीला हे सोसत नाही. तिला साधारण सहाशे ते बाराशे मीटर उंचीवरची थंड हवा हवी, डोक्यावर मोठ्या झाडांची सावली हवी, पायाखाली कुजलेल्या पाल्याची ओलसर माती हवी. केरळच्या इडुक्की जिल्ह्यात नैर्ऋत्य मोसमी पाऊस संपतो न संपतो तोच परतीचा ईशान्येकडचा पाऊस येतो, शिवाय उन्हाळ्यात वळवाच्या सरी असतात. इडुक्की, कोडगू, शिरसीकडचा डोंगराळ भाग ही तिची खरी माहेरघरे.

मसाल्यांची बाकीची मंडळी मात्र कोकणात रुळली. मिरी सुपारीच्या झाडावर चढली, जायफळ आणि दालचिनी वाड्यांत वाढली. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने जायफळाची ‘कोंकण सुगंधा’ आणि दालचिनीची ‘कोंकण तेज’ अशा जाती दिल्या. त्यामुळे आपल्या पुरणातले जायफळ कदाचित शेजारच्या तालुक्यातल्या वाडीतले असते. वेलची मात्र हजार किलोमीटरांवरून आलेली असते.

पूर्वी मलबारकडून उत्तरेला जाणारा माल समुद्राने येई. कुंडलिकेच्या मुखाशी रेवदंडा आणि चौल ही जुनी बंदरे, आणि त्याच खाडीने आत आले की रोहे. पेणला धरमतरच्या खाडीची वाट होती. आता इडुक्कीच्या लिलावातून निघालेली वेलची व्यापाऱ्यांच्या हातून वाशीच्या मसाला बाजारात येते आणि तिथून आपल्या वाण्याच्या बरणीत.

झाडावरून बरणीत

वेलची पूर्ण पिकू देत नाहीत. पिकली की ती पिवळट होते आणि तडकते. आतला दाणा काळसर झाला, पण साल अजून हिरवी आहे, अशी वेळ साधून ती खुडतात. एका झाडावरची सगळी फळे एकदम तयार होत नसल्यामुळे महिना-सव्वा महिन्याच्या अंतराने पुन्हा पुन्हा तोडणी करावी लागते. मग ती उन्हात न घालता बंद भट्टीघरात साधारण पन्नास अंशांच्या आसपास सावकाश वाळवतात. ऊन लागले तर हिरवा रंग उडतो. चार-पाच किलो ओली वेलची वाळून एक किलो होते. एका वेलचीत तीन कप्पे असतात आणि त्यांत साधारण पंधरा-वीस दाणे. वास दाण्यांत असतो, सालीत नावापुरता. या वासाचे मूळ दाण्यांतल्या तेलात आहे. निलगिरीच्या तेलात असणारे सिनिओल नावाचे द्रव्य त्यात असते, म्हणून वेलची चावली की प्रथम थंडावा जाणवतो. दुसरे टर्पिनाइल ॲसिटेट. वेलचीचा तो गोडसर, फुलासारखा वास बराचसा त्याच्यामुळे येतो. दोन्ही द्रव्ये उडून जाणारी आहेत, हे ध्यानात ठेवावे. आपल्या आज्यांनी जे नियम घालून दिले, ते सगळे या एका गोष्टीवर उभे आहेत.

स्वयंपाकघरातले चार नियम

माझ्या आजीला सिनिओल हा शब्द माहीत नाही. पण तिचे नियम ऐका.

पहिला नियम : वेलची अख्खी घ्यावी आणि लागेल तेव्हाच सोलावी. साल ही तिची पेटी आहे. पेटी उघडून ठेवली की दाण्यांतले तेल हळूहळू उडते. पूड केली तर फारच लवकर उडते. वर्षाची पूड करून ठेवणारीला आजी ‘घाईची’ म्हणते.

दुसरा नियम : कुटताना खलबत्त्यात चिमूटभर साखर घालावी. नुसता दाणा बत्त्याखालून निसटतो आणि तेलामुळे चिकटतो. साखरेच्या कणांनी तो घासला जातो आणि सुटलेले तेल साखर धरून ठेवते. पूड बारीक होते आणि पदार्थात सारखी पसरते.

तिसरा नियम : वेलची शेवटी घालावी. सारण किंवा खीर चुलीवरून उतरवली, वाफेचा पहिला जोर ओसरला, की मग पूड घालून ढवळावे. आधी घातली तर वास शेजाऱ्यांना मिळतो, आपल्याला नाही, असे आजी म्हणते. उकळत्या पदार्थात तेल वाफेबरोबर निघून जाते, हे त्याचे शास्त्रीय रूप.

चौथा नियम : साल टाकू नये. सोललेल्या साली आमच्याकडे चहाच्या डब्यात जातात. त्यांत फारसा वास नसतो, पण दाण्याचा जो काही अंश चिकटून राहिलेला असतो, तो चहाला पुरतो.

या चारांत पाचवा एक न बोललेला नियम आहे, तो मापाचा. एका नारळाच्या सारणाला पाच-सहा वेलच्या. आठ झाल्या तर नारळाची चव हरवते, तीन झाल्या तर गूळ एकटा पडतो. वस्तू महाग असल्यामुळे माप आले, आणि माप आल्यामुळे चव आली, असे मला वाटते. ज्याची कमतरता नाही त्याचे माप कोण ठेवतो?

पेण-रोह्याच्या ताटात

आपल्याकडचा सणांचा क्रम वेलचीच्या वासावरून ओळखता येईल. श्रावणात नारळीभातात तिच्याबरोबर लवंग असते. पुरणात ती जायफळाशेजारी बसते. चण्याची डाळ पोटाला जड, म्हणून ही जोडी, असे घरची मोठी माणसे सांगतात. कोजागिरीच्या दुधात तिच्या सोबतीला केशर, आळिवाच्या आणि डिंकाच्या लाडवांत पुन्हा जायफळ. केळ्याच्या शिकरणातही ती लागतेच. कोकणातल्या एका बारक्या, गोड केळ्याला तर लोकांनी तिचेच नाव देऊन टाकले आहे : वेलची केळे.

गणपतीतल्या पंचखाद्याची गोष्ट मला फार आवडते. खोबरे, खारीक, खसखस, खडीसाखर आणि खिसमिस अशी ‘ख’ने सुरू होणारी पाच खाद्ये एकत्र करून ही खिरापत होते. या पाच खकारांत वेलचीचे नाव नाही. पण वेलचीची पूड न घालता पंचखाद्य केलेले मी अजून पाहिलेले नाही. नावात नसून कामात असणारी माणसे प्रत्येक घरात असतात, तशी ही सहावी.

रोह्याला चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजाची जुनी वस्ती. त्यांच्या घरांत श्रावणात ‘निनावं’ नावाचा पदार्थ होतो. बेसन आणि थोडी कणीक भाजून, त्यात नारळाचे दूध, गूळ आणि तूप घालून शिजवतात आणि पातेल्याच्या खाली-वर निखारे ठेवून ते भाजतात. आता बहुतेक घरांत हे काम ओव्हन करतो. निनाव्यात वेलची-जायफळ भाजण्याआधीच मिसळावे लागते, म्हणजे तिसरा नियम इथे पाळता येत नाही. म्हणून निनाव्यासाठी हात थोडा सैल सोडायचा, एरवीपेक्षा दोन वेलच्या जास्त, असा आजोळचा प्रघात आहे.

पेणच्या आगरी घरांत मसाल्याचे दिवस उन्हाळ्यात येतात. मिरच्या वाळतात, धणे, लवंगा, दालचिनी, दगडफूल भाजले जाते आणि मसाला कांडपावर जातो. यात काळा, मसाल्याचा वेलदोडा हवाच. हिरवी वेलची घरच्या ऐपतीप्रमाणे. कोकणी मुसलमान घरांतल्या बिर्याणीत अख्खी वेलची तापल्या तुपात पडते, आणि ईदच्या शिरखुर्म्यात तीच वेलची कुटून दुधात पडते. एकच वस्तू, एकाच घरात, दोन रीतींनी.

जेवण झाले की विडा. पानात चुना, कात, सुपारी, आणि वर लवंग-वेलची. तेरा पदार्थांच्या त्रयोदशगुणी विड्यातही तिला स्थान आहे. आलेल्या पाहुण्याला बाकी काही देता आले नाही, तरी तबकात सुपारी आणि दोन वेलच्या ठेवल्या की मान राखला गेला, अशी जुनी समजूत.

पेणकर, रोहेकर आणि मलिदा

वेलचीविषयी लिहिताना आपल्या दोन्ही गावांचा एक जुना धागा विसरता येत नाही. रायगड जिल्ह्यातील, म्हणजे १ जानेवारी १९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील, बेने इस्राएल समाज हा मराठी बोलणारा ज्यू समाज. यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. गावोगाव ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांनी गावांवरून आडनावे घेतली. त्यांतलीच ‘पेणकर’ आणि ‘रोहेकर’. पेणमध्ये त्यांचे १८६३ साली स्थापन झालेले प्रार्थनामंदिर आहे.

या समाजात लग्नाआधी, नव्या घरात जाताना, आजारातून कुणी उठल्यावर किंवा नवस फेडताना ‘मलिदा’ करतात. पोहे भिजवून त्यांत ओला नारळ, साखर, वेलची, जायफळ आणि सुका मेवा मिसळायचा, तो तबकात रचून भोवती फळे मांडायची, आणि एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचे स्मरण करून हिब्रू प्रार्थना म्हणायची. अलिबागजवळच्या खंडाळे गावी या प्रेषिताचे दर्शन झाले होते अशी त्यांची श्रद्धा आहे. जगातील इतर ज्यू समाजांत हा विधी या रूपात आढळत नाही. तो इथलाच आहे, कारण त्यातले पोहे आणि नारळ इथले आहेत.

इस्राएल राष्ट्र १९४८ साली स्थापन झाले आणि पुढील दशकांत यांतील बहुसंख्य कुटुंबे तिकडे गेली. पेण-रोह्यात आता फार थोडी घरे उरली आहेत. तिकडे गेलेल्यांनी मराठी सोडली नाही, ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही तिकडून निघाले. आणि त्यांनी मलिदाही सोडला नाही. माझी आजी सांगते, तिच्या लहानपणी शेजारच्या घरून मलिद्याची वाटी येई आणि आमच्याकडून त्या वाटीत करंज्या परत जात. वाटी रिकामी परतवायची नाही, हा दोन्ही घरांचा रिवाज होता. दोन्ही घरांची वेलची एकाच वाण्याकडची होती, हे तिला आजही आठवते.

औषधाच्या फडताळात

आयुर्वेदात वेलची, दालचिनी आणि तमालपत्र या तिघांना मिळून ‘त्रिजात’ म्हणतात. त्यात नागकेशर मिळाले की ‘चतुर्जात’. खोकल्यावरचे सितोपलादि चूर्ण अनेक घरांत असते. त्याचे प्रमाण पाहण्यासारखे आहे : खडीसाखर सोळा भाग, वंशलोचन आठ, पिंपळी चार, वेलची दोन आणि दालचिनी एक. प्रत्येक पायरीला निम्मे. वेलचीचे माप स्वयंपाकघरापुरते नव्हते, वैद्याच्या खलातही ते ठरलेले होते.

घरगुती उपाय तर अनेक. उचकी थांबत नसेल तर वेलचीची साले जाळून ती राख मधातून चाटवतात. मळमळीला दोन दाणे चघळायला देतात. बोरघाटातून पुण्याला जाताना एस. टी. च्या वळणावळणांवर आईच्या पर्समधून निघणारी वेलची आपल्यापैकी पुष्कळांनी खाल्ली असेल. हे सारे परंपरेने चालत आलेले उपाय आहेत. आजार खरा असेल तर डॉक्टरांकडे जावे, हे सांगायला नकोच.

पिकते तिथे खात नाहीत

सुरुवातीला म्हण फिरवून घेतली होती, तिची दुसरी बाजू जगाच्या पलीकडच्या टोकाला सापडते. मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला या देशात वेलचीची लागवड विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या भागातून नेलेल्या रोपांपासून झाली. आज तो देश जगातील सर्वांत मोठा उत्पादक मानला जातो. पण तिथल्या रोजच्या जेवणात वेलची जवळजवळ नाही. जवळपास सगळी परदेशी जाते. मोठे गिऱ्हाईक म्हणजे सौदी अरेबिया आणि आखाती देश. तिथे ‘गहवा’ नावाच्या कॉफीत वेलची इतकी घालतात की ती कॉफीची वेलची म्हणावी की वेलचीची कॉफी, असा प्रश्न पडावा! तिकडे थंड स्वीडन आणि फिनलंडमध्ये गोड पावात ती घालतात. तात्पर्य, वेलची जिथे वाढते तिथलीच होऊन राहत नाही. तिला आपलेसे करणारे लोक बहुधा दूरचे असतात.

भाव, भेसळ आणि आमच्या घरचा हिशोब

हिच्या भावाला स्थिरता नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये केरळात महापूर आला. इडुक्कीचे मळे उद्ध्वस्त झाले, पुढे पाऊस लांबला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुट्टडी येथील लिलावात उत्तम प्रतीच्या वेलचीला किलोमागे ७००० रुपये असा विक्रमी भाव मिळाला. त्या वर्षी गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला होती. आईने मोदकांच्या ऑर्डरी श्रावणात, ठरलेल्या दराने घेऊन ठेवल्या होत्या.

भाव चढला की भेसळ चढते. तेल काढून घेतलेली वेलची पुन्हा वाळवून चांगल्या मालात मिसळतात. ती दिसायला वेलचीच असते, पण हातात हलकी लागते आणि आतला दाणा फिका, कोरडा निघतो. चांगला दाणा काळसर तपकिरी आणि किंचित चिकट असतो. फिकट मालाला हिरवा रंगही लावतात. ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासला की तो उतरतो. पुडीत तर काहीही चालते. त्या वर्षी वेळ वाचावा म्हणून आईने एका दुकानातून तयार वेलचीपूड आणली. दुकानाचे नाव घेत नाही. सारणात घातली, वास येईना. पुन्हा घातली, तरी येईना. शेवटी ती बारीक चाळणीने चाळली, तेव्हा वर गवतासारखे तंतू राहिले. सालीच दळलेल्या होत्या. आईने ती पुडी बाजूला ठेवली आणि अख्खी वेलची आणवली.

ओळखीतल्या एका बाईंनी सुचवले, “अहो वहिनी, इसेन्सचे दोन थेंब टाका, कुणाला कळायचंय?” आई म्हणाली, “खाणाऱ्याला नाही कळलं तरी वळणाऱ्याला कळतं.” पण रात्री तीसुद्धा चिंतेत होती, कारण पाचशे मोदक व्हायचे होते. मी वही घेऊन बसले.

घरच्या काट्यावर शंभर वेलच्या तोलल्या, त्या २२ ग्रॅम भरल्या. एका नारळाला सहा वेलच्या, म्हणजे सुमारे १.३ ग्रॅम. अगदी विक्रमी, ग्रॅमला सात रुपयांचा भाव धरला तरी नारळामागे सव्वानऊ रुपये. एका नारळात आमचे बारा मोदक होतात. म्हणजे एका मोदकातली वेलची सुमारे ७७ पैशांची. पाचशे मोदकांना बेचाळीस नारळ, अडीचशेच्या वर वेलच्या, आणि खर्च ३९० रुपयांच्या आसपास. भाव निम्म्यावर आला की हाच खर्च मोदकामागे ३८ पैसे.

आकडा पाहून आई जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “एवढ्यासाठी मी आजीचं माप मोडणार होते होय?” त्या वर्षी नफा थोडा कमी झाला, मोदक नेहमीचे झाले.

हा हिशोब मी मुद्दाम दिला आहे. वेलची परवडत नाही असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा आपण किलोचा भाव मनात धरून बोलत असतो. किलोने वेलची कोणत्या घरात लागते? आपल्या आज्यांनी ती दाण्यांनी मोजली, म्हणून न पिकणाऱ्या मुलखात ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली. इसेन्सला माप लागत नाही, थेंब इकडचा तिकडे झाला तरी बाटली स्वस्तच असते. पण माप गेले की ते सांगणारी आजीही निरुपयोगी ठरते, आणि तिच्याबरोबर ‘शेवटी घालावी’, ‘साखरेबरोबर कुटावी’, ‘निनाव्यात दोन जास्त’ ही सगळी विद्या जाते. ती कुठल्या पाठ्यपुस्तकात आलेली नाही.

म्हणून माझ्या वर्गमित्र-मैत्रिणींना एक विनंती. या सुटीत आपापल्या घरी एवढेच विचारा, की आपल्याकडे कोणत्या पदार्थात वेलची किती आणि केव्हा घालतात. उत्तर ‘अंदाजाने’ असे येईल. तिथे थांबू नका. तो अंदाज हातात कसा मावतो ते पाहा, दाणे मोजा आणि वहीत उतरवून घ्या. आगरी घरातले, कायस्थ घरातले, मुसलमान घरातले, पेणकर-रोहेकरांच्या घरातले माप शेजारी शेजारी मांडले, तर आपल्या दोन गावांचा एक छोटा इतिहासच तयार होईल. माझ्या वहीतली पहिली ओळ मी लिहून ठेवली आहे : एक नारळ, सहा वेलच्या, सारण उतरल्यावर.